आईची तीन मिनिटं

ज्या वर्षी आई राज्याच्या विधिमंडळाच्या समितीपुढे बोलायला उभी राहिली, त्या वर्षी आम्ही हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एका भाड्याच्या लाकडी घरात राहत होतो. घर जुनं होतं. पायऱ्या करकरायच्या, आणि स्वयंपाकघराच्या मागच्या जाळीच्या दाराला इतकी ताठ स्प्रिंग होती की कुणी बाहेर पडलं की ते फटकन आपटायचं. आईनं हे घर एकाच कारणासाठी निवडलं होतं. तिथून हॉस्पिटलचं मागचं दार चालत चार मिनिटांवर होतं. बाबांनी एकदा घड्याळ लावून मोजलंही होतं. फ्रिजवर ठेवलेला पेजर वाजला की आई हातातलं काम जिथल्या तिथं टाकायची, कोटात हात घालत निघायची आणि पाठोपाठ दार आपटायचं. बाबा पोळी लाटता लाटता नुसतं म्हणायचे, "गेली." मग तिच्या ताटावर दुसरं ताट उपडं घालून ठेवायचे. ती परत कधी येईल हे आम्ही कधी विचारलं नाही. कुणाचं तरी अपेंडिक्स, कुणाचं तरी अडलेलं बाळंतपण, कुणीतरी करवतीनं बोटं कापून घेतलेली. ते संपलं की येईल, एवढंच माहीत असायचं.

आई मिरजेला नर्सिंग शिकली होती. मी पाच वर्षांची असताना ती अमेरिकेला गेली, कारण तेव्हा इथल्या हॉस्पिटलांना नर्सेस हव्या होत्या आणि आमच्या घराला तिच्या पगाराची गरज होती. मोठ्या शहरातल्या अतिदक्षता विभागात तिनं काही वर्षं काढली आणि तिथंच तिच्या लक्षात आलं, की नर्सला पुढे शिकून भूल देण्याचं काम करता येतं. तिनं प्रवेश घेतला, अडीच वर्षं रोज पहाटे उठून अभ्यास केला, परीक्षा दिली, आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या या छोट्या हॉस्पिटलात नोकरी धरली. मग बाबा आणि मी सांगलीहून आलो. तेव्हा मी अकरा वर्षांची होते. विमानतळावर आई आली नव्हती. ती ऑपरेशनमध्ये अडकली होती. आम्हाला घ्यायला आले ते अरविंदकाका. उंच, गोरे, हातात थर्मास. "शालननं पाठवलंय," ते म्हणाले, "चहा आहे, आल्याचा." अमेरिकेत पाऊल ठेवल्यावर माझ्या तोंडात पडलेली पहिली वस्तू म्हणजे त्यांच्या थर्मासमधला तो चहा. पुढचं सगळं सांगण्याआधी हे सांगितलं पाहिजे.

आईचं काम नेमकं काय, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. या देशात शंभराहून अधिक वर्षं नर्सेस भूल देत आल्या आहेत. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांत भूलतज्ज्ञ डॉक्टर असतात आणि त्यांच्याबरोबर या नर्सेस काम करतात. पण आमच्यासारख्या गावांत बऱ्याचदा डॉक्टर भूलतज्ज्ञ नसतोच. सर्जन असतो, आणि पेशंटच्या उशाशी भूल देणारी नर्स असते. आमच्याकडे अशी दोनच माणसं होती. एक आई, आणि दुसरे निवृत्तीला टेकलेले एक गृहस्थ, ज्यांना हरणाच्या शिकारीच्या दिवसांत सुट्टी लागायची. सगळ्यात जवळचे भूलतज्ज्ञ डॉक्टर सव्वा तासावरच्या शहरात, घाट उतरून खाली. आणि ते म्हणजे आमचे अरविंदकाका.

बाबा सांगलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. इथं ते फर्निचरच्या कारखान्यात लागले. टेबलांना वाहतुकीत चरे पडत, ते चरे रंगानं असे भरायचे की खालच्या लाकडाच्या रेषा पुन्हा जुळल्यासारख्या दिसत. "बायकोच्या मागनं गेला," असं सांगलीत लोक म्हणायचे आणि ते बाबांच्या कानावर यायचं. ते हसून म्हणायचे, "पुढं जायला वाट कुणाला माहीत होती? तिलाच ना?" स्वयंपाक त्यांच्याकडे होता. दक्षिणेतल्या त्या गावात आमचं अन्न वेगळ्या नावांनी आधीच हजर होतं. भेंडी होती, मोहरीचा पाला होता, शेंगदाणे तर पोत्यानं होते. बाबा रविवारी दाणे भाजून, लसूण-तिखट घालून खलबत्त्यात चटणी कुटायचे, तेल सुटेपर्यंत. नाश्त्याच्या तांदळाच्या सीरियलचं भडंग करायचे. आणि मक्याची भरड, जिला तिथले लोक ग्रिट्स म्हणतात आणि लोणी घालून पांढरीफटक खातात, तिला मोहरी-हिंगाची फोडणी देऊन त्यांनी तिचा उपमा केला होता. आजही मी राज्याच्या राजधानीजवळच्या कॅरी शहरातल्या माझ्या घरी तो करते. इथं रवा वाट्टेल तेवढा मिळतो, तरी करते.

महिन्यातून एकदा आम्ही घाट उतरून अरविंदकाकांकडे जायचो. त्या शहरात आणि आजूबाजूला मिळून आठ-नऊ मराठी घरं होती; सगळे डॉक्टर किंवा इंजिनिअर. गणपती काकांच्या बेसमेंटमध्ये बसायचा. सुलभाकाकू नागपूरच्या. मोठा आवाज, मोठं मन. आईला लाडानं "भुलाबाई" म्हणायच्या आणि स्वतःच खो खो हसायच्या. पण नवीन कुणी आलं की ओळख करून देताना वाक्य जरा अडखळायचं. "हा आमचा वसंता, ही शालन, हॉस्पिटलमध्ये असते." समोरचा विचारायचा, "डॉक्टर का?" आणि तेवढ्यात कुणीतरी पुरणपोळी पुढे करायचं. आई ती ताटात घ्यायची. मी मात्र ते नीट पाहून ठेवलं. आठवीत शाळेत एक फॉर्म भरायचा होता, आईचा व्यवसाय असा रकाना होता. मी तिथं 'डॉक्टर' लिहिलं. मैत्रिणींना तेच सांगितलं. एकदा सांगितलं की खोटं आपोआप वाढत जातं. मी त्यात आईला एक स्वतंत्र केबिनही देऊन टाकली.

मी दहावीत असताना विधिमंडळात तो प्रस्ताव आला. भूलतज्ज्ञ डॉक्टर त्याच इमारतीत हजर असल्याशिवाय नर्सनं भूल देऊ नये, असा त्याचा सरळ अर्थ होता. शहरात त्यानं फारसा फरक पडला नसता. आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशनची खोली आणि बाळंतपणाचा विभाग दोन्ही बंद पडले असते. आई राज्याच्या नर्स-भूलतज्ज्ञांच्या संघटनेची सभासद होती. दर तीन महिन्यांनी एखाद्या हॉटेलच्या सभागृहात त्यांची बैठक असायची आणि आई मागच्या रांगेत बसून वहीत टिपून घ्यायची. तिथून आता डॉरथी नावाच्या बाई आमच्या घरी आल्या. साठीच्या, रुंद खांद्यांच्या, शब्द गुळासारखे ओढत बोलणाऱ्या. संघटनेच्या त्या अध्यक्ष होत्या. बाबांनी त्यांच्यापुढे उपमा ठेवला. त्यांनी एक घास घेतला, थांबल्या आणि म्हणाल्या, "मी जन्मभर ग्रिट्स खात आलेय. यांना काय झालंय हे मला माहीत नाही, पण आणखी वाढा." मग आईकडे वळून म्हणाल्या, "शालन, समितीपुढे आमच्यातलं कुणीतरी बोलायला हवं. डोंगरातल्या हॉस्पिटलात एकटीनं काम करणारं. तीन मिनिटं मिळतात. तू बोल."

आई म्हणाली, "माझं इंग्लिश…"

"तुझ्या इंग्लिशमध्ये गेली इतकी वर्षं लोक झोपतायत आणि तुझ्याच इंग्लिशमध्ये जागे होतायत," डॉरथी म्हणाल्या. "त्यांची काही तक्रार ऐकली नाही मी."

आईनं हो म्हटलं. पण त्याच आठवड्यात अरविंदकाकांचा फोन आला. मी जिन्यावर बसून ऐकत होते. आई बराच वेळ नुसतं "हं, हं" करत होती. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि बाबांना म्हणाली, "ते पण बोलणार आहेत. त्यांच्या बाजूनं. मला आधी सांगावं म्हणून फोन केला." बाबांनी गॅस बारीक केला. "मग?" ते म्हणाले. आई म्हणाली, "मग काय. माझी बाजू मी सांगणार. त्यांची ते." पण त्या दिवशी तिचं ताट बराच वेळ तसंच होतं, आणि पेजर काही वाजला नव्हता.

काकांच्या उपकारांची यादी मोठी होती. बाबांना गाडी त्यांनी शिकवली. मला भूमिती त्यांनी शिकवली, फोनवरून, दर गुरुवारी. आणि कामात अडचण आली, की आई त्यांनाच फोन करायची. एखाद्या पेशंटचं हृदय नाजूक असेल, एखाद्याची मान वळत नसेल, तर आदल्या दिवशी आई त्यांना सगळं सांगायची आणि ते तिकडून शांतपणे सुचवायचे. त्यांनी एकदाही "मी कामात आहे" म्हटलं नव्हतं. अशा माणसासमोर भर सभेत उभं राहायचं होतं.

तयारी माझ्याकडे होती. भाषण मी टाइप केलं, ओव्हनच्या घंटेवर तीन मिनिटं लावून आईला बोलायला लावलं. मी तिचे उच्चार सुधारायची. ती 'व्हिजिलन्स' म्हणताना 'व' जड करायची, 'पेशंट' मराठी पद्धतीनं म्हणायची. मी किती तुसडेपणानं टोकत होते हे आठवलं की आता कान तापतात. पण खरी ठिणगी पडली ती पहिल्या वाक्यावर. आईनं लिहिलं होतं, मी एक नर्स आहे.

"आई, डोन्ट स्टार्ट विथ नर्स," मी म्हटलं. "ते पुढचं ऐकणारच नाहीत. 'अ‍ॅनेस्थेशिया प्रोव्हायडर' म्हण."

"म्हणजे काय? भुलीचं दुकान आहे का माझं?"

"आय अ‍ॅम सीरियस."

"मी पण," आई म्हणाली. तिनं कागद खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "रेखे, तुला लाज वाटते का गं?"

मी नाही म्हटलं. इतकं पटकन म्हटलं, की तिला उत्तर मिळालं. ती रागावली नाही. घंटा पुन्हा तीनवर फिरवली आणि म्हणाली, "चल, परत पहिल्यापासून. मी एक नर्स आहे."

राजधानी आमच्या गावापासून पाच तासांवर. आम्ही तिघं गेलो. बाबांनी कारखान्यातून दोन दिवसांची रजा घेतली होती आणि मागच्या सीटवर एक मोठा गुंडाळलेला कागद होता. आमच्या परगण्याचा नकाशा त्यांनी स्वतः काढला होता, जलरंगात. हॉस्पिटल, नदी, घाट, आणि थंडीत जिथं जिथं बर्फानं रस्ता बंद होतो तिथं तिथं एक फिकट निळी रेघ. समितीची खोली मला वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली. हिरवा गालिचा, उंच बाकाच्या मागे बसलेले अकरा जण, आणि बोलणाऱ्याच्या समोर तीन छोटे दिवे. हिरवा म्हणजे बोला, पिवळा म्हणजे आवरा, लाल म्हणजे पुरे.

अरविंदकाका आधी बोलले. मला वाटलं होतं ते काहीतरी अन्यायाचं बोलतील आणि मला त्यांचा राग येईल. तसं झालं नाही. ते म्हणाले, "नव्याण्णव वेळा भूल सुरळीत जाते. शंभराव्या वेळी चार मिनिटांत सगळं हातातून निसटतं. मी तरुण असताना माझा एक पेशंट असा गेला. बारा वर्षांचं शिक्षण पाठीशी होतं, तरी त्या चार मिनिटांत मला ते कमी पडलं. त्याहून कमी शिक्षण असलेल्या माणसाला एकटं सोडून आपण त्याच्यावर ते ओझं टाकू नये." ते आमच्याकडे न बघता जागेवर जाऊन बसले. त्या पेशंटबद्दल मी आधी कधी ऐकलं नव्हतं. आईनंही नाही, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

मग आईचं नाव पुकारलं. निळा कोट-स्कर्ट, आणि पायात हॉस्पिटलचे काळे रबरी तळव्याचे शूज. बदलायचे राहून गेले होते. हिरवा दिवा लागला.

"मी डॉक्टर नाही," आई म्हणाली. "मी एक नर्स आहे."

कागदात पहिलं वाक्य नव्हतं. ते तिनं तिथंच घातलं. मला क्षणभर वाटलं, ते ती माझ्याकडे बघून म्हणाली. पण ती समोरच बघत होती. तिनं बाबांचा नकाशा उलगडून धरला आणि गेल्या थंडीतलं सांगितलं. घाट दोन दिवस बंद होता. त्या दोन दिवसांत तीन बायकांची ऑपरेशन करून बाळंतपणं झाली. "त्या तिघींपैकी एकीची आई इथं मागे बसली आहे. ती तुम्हाला सांगेल की बाळ सव्वा तास थांबत नाही." मागे बसलेल्या बाईंनी नुसता हात वर केला. पिवळा दिवा लागला. तिचा 'व' जड होता, 'पेशंट' मराठी होता, आणि खोलीत कुणीही हललं नाही.

बाकावरच्या एका सभासदानं विचारलं, "मॅडम, आत्ता ते डॉक्टर बोलले. त्यांना जे येतं ते सगळं तुम्हाला येतं का?"

"नाही," आई म्हणाली. "मला शंका आली की मी त्यांनाच फोन करते. त्यांनी एकदाही फोन उचलला नाही असं झालेलं नाही. त्यांनी पुढेही उचलावा असं मला वाटतं. पण हा कायदा म्हणतो, ते इमारतीत नसतील तर मी पेशंटला हात लावायचा नाही. मग मी त्यांना फोन करून सांगायचं तरी काय?"

"आणि एकदम काही बिघडलं, फोन करायलाही वेळ नसला, तर तुम्ही कुणाला बोलावता?"

आईला प्रश्न कळला नाही असं मला वाटलं. तिनं नकाशा गुंडाळला. मग म्हणाली, "सर, तेव्हा हॉस्पिटलातले सगळे मलाच बोलावतात."

लाल दिवा केव्हाच लागला होता. अध्यक्षांनी तिला थांबवलं नाही. ती वळली तेव्हा त्यांनी विचारलं, "नकाशा कुणी काढला?" आईनं बाबांकडे बोट दाखवलं. बाबा उभे राहिले, काय करावं न सुचून त्यांनी नमस्कार केला, आणि खोलीत पहिल्यांदाच हशा पिकला.

बाहेर लांबलचक दगडी व्हरांडा होता. बाबांनी बाकावर डबा उघडला. पोळ्या, दाण्याची चटणी, कांदा. काका समोरून आले. आम्हाला टाळून जाता आलं असतं, पण ते आले आणि आईसमोर उभे राहिले.

"शालन, माझं मत बदललेलं नाही."

"माहितेय."

"तुझं बोलणं चांगलं झालं."

"तुमचं ते… त्या पेशंटचं. तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कुणाला बोलणार?" काका म्हणाले. मग म्हणाले, "एक सांगतो. फोन करायचं बंद करू नकोस. आज इथं काय झालं म्हणून संकोच धरलास तर पेशंटचं नुकसान होईल."

"नाही करणार बंद," आई म्हणाली. बाबांनी पोळीत चटणी गुंडाळून त्यांच्या हातात दिली. सूट-टायमध्ये उभ्या उभ्या त्यांनी ती खाल्ली, हात रुमालाला पुसले आणि गेले.

प्रस्ताव समितीतच राहिला, मतदानाला आला नाही, म्हणजे बारगळला. डॉरथींनी फोनवर एवढ्या जोरात आरोळी ठोकली, की बाबांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला. नंतर तो प्रस्ताव वेगळ्या कपड्यांत पुन्हा आला, पुन्हा बोलावं लागलं. ते अजून संपलेलं नाही, आणि दोन्हीकडे शहाणी माणसं आहेत, हे आता स्वतः चाळीस वर्षं भूल दिल्यानंतर मी खात्रीनं सांगते. पुढे मी स्वतः त्याच संघटनेची प्रतिनिधी म्हणून त्या हिरव्या गालिच्यावर कितीदा तरी उभी राहिले. कॅरीच्या मराठी मंडळात कुणी नवीन जोडपं भेटतं आणि विचारतं, "काकू, तुम्ही डॉक्टर होता का?" तेव्हा मी म्हणते, "नाही रे, नर्स. भूल द्यायची." "ओ, कूल यार," म्हणतात पोरं आणि पुढे जातात. किती सोपं झालंय.

तेव्हा सोपं नव्हतं. गावातल्या साप्ताहिकात पहिल्याच पानावर आईचा फोटो आला, खाली ठळक 'नर्स'. दुसऱ्या दिवशी शाळेत जायला माझे पाय उचलेनात. जीवशास्त्राच्या मिसेस टर्नर यांनी तास संपल्यावर मला थांबवलं. मी त्यांच्या टेबलाशी जाऊन काही विचारायच्या आत सगळं ओकून टाकलं. फॉर्मवरचं, मैत्रिणींना सांगितलेलं, केबिनसुद्धा. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "बाळा, माझा मुलगा झाला तेव्हा मला भूल तुझ्या आईनं दिली होती. मी थरथरत होते. तिनं विचारलं, घरी गेल्यावर काय खाणार? मी म्हटलं तळलेली भेंडी. ती म्हणाली, आमच्याकडेही खातात. भेंडीबद्दल बोलता बोलता मी झोपले. ती कोण आहे हे या गावात माहीत नाही असं घर नसेल. तू कुणाला फसवत होतीस?"

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती गणवेशाची इस्त्री करत होती. "तो फॉर्म माझ्याच सहीसाठी आला होता की," ती म्हणाली. "वाचल्याशिवाय सही करेन का मी?" दोन वर्षं तिला माहीत होतं आणि ती एक अक्षर बोलली नव्हती. मी रडायला लागले तेव्हा तिनं इस्त्री बाजूला ठेवली, मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "तू पाचाची असताना मी गेले, अकराची झाल्यावर भेटलीस. आई काय करते हे तुला कुणी सांगायचं होतं? मलाच वेळ झाला नाही." त्या दिवसापासून आमचं खरं बोलणं सुरू झालं असं मी धरते.

त्या वर्षी काकांकडच्या गणपतीचं बोलावणं मात्र आलं नाही. सुलभाकाकू दुखावल्या होत्या. आपल्या माणसानं आपल्या माणसाविरुद्ध गोऱ्यांच्या पुढे बोलावं, हे त्यांना लागलं होतं. घरचे फोन बंद झाले. माझी गुरुवारची भूमितीही बंद झाली. पण हॉस्पिटलातून आईचे फोन चालू होते आणि काका ते उचलत होते. जवळजवळ वर्षभर ती दोघं फक्त पेशंटबद्दल बोलली, आणि त्या बोलण्यात एकदाही खंड पडला नाही. कोंडी फोडली ती बाबांनी, तीही नकळत. त्यांना सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरलेली नागपुरी वडी, करायची होती आणि सारण जमत नव्हतं. नागपूरचं माहीत असलेलं माणूस एकच. त्यांनी सरळ काकूंना फोन लावला. "वहिनी, कोथिंबीर चिरून परतायची की तशीच घालायची?" मग काकूंचा आवाज मला जिन्यापर्यंत ऐकू आला. "अहो वसंतभाऊ, एवढ्या दिवसांनी फोन करून तुम्ही मले कोथिंबीर काऊन विचारून राहिले?" पाऊण तास त्या बोलत होत्या. पुढच्या शनिवारी दोघं घाट चढून आमच्याकडे आले. काकूंच्या हातात तयार सांबारवड्यांचा डबा होता, कारण बाबांना त्या जमणार नाहीत याची त्यांना खात्री होती. काका थेट माझ्याकडे आले आणि म्हणाले, "वर्तुळापर्यंत आलो होतो आपण." काका गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. भूल देण्याच्या अभ्यासक्रमासाठी मी केलेल्या प्रवेशअर्जाला जोडलेलं एक शिफारसपत्र त्यांचं होतं. त्यांचं मत शेवटपर्यंत तेच होतं, आणि पत्रात त्यांनी आईबद्दल लिहिलं होतं, की माझ्या माहितीतली ही सगळ्यात सावध भूल देणारी व्यक्ती आहे.

अकरावीत मिसेस टर्नरनी मला एक दिवस आईबरोबर काम बघायला पाठवलं. हर्नियाचं ऑपरेशन होतं. पेशंट सत्तरीचे शेतकरी आजोबा. "पोरीला बघू दे की," त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ऑपरेशनच्या खोलीत सगळ्यांचे डोळे हिरव्या कापडातल्या त्या चौकोनावर होते, जिथं सर्जनचं काम चाललं होतं. आई एकटी आजोबांच्या उशाशी बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. एक हात त्यांच्या जबड्याखाली, दुसऱ्या हातात काळी रबरी पिशवी. ती दाबली की आजोबांची छाती वर यायची, सोडली की खाली जायची. "आत्ता हे श्वास आपण देतोय," ती मास्कच्या आडून हळूच मला म्हणाली. तासभर तिनं मान वळवली नाही. शेवटी औषध उतरलं, तिनं पिशवी दाबायची थांबवली आणि वाट बघितली. मग घशातली नळी काढली, माझा हात धरून आजोबांच्या तोंडापुढे नेला. आधी काहीच नाही. मग तळव्याला एक ऊन, ओलसर झुळूक लागली. मग दुसरी.

"आता त्यांचे ते घेतायत," आई म्हणाली.

सर्जन हातमोजे काढून निघून गेले होते, बाकीचे पुढच्या पेशंटच्या तयारीला लागले होते. आजोबांनी डोळे उघडेपर्यंत आम्ही दोघी तिथंच, त्यांच्या उशाशी उभ्या राहिलो.